मुंबई–लंडन: जाताना ८,२०० किलोमीटर, येताना ६,९००

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याहून आई-बाबा जानेवारीत तुमच्याकडे, लंडनजवळच्या स्लाऊला यायचेत. नेटवर मुंबई–लंडन अंतर ७,२०० किलोमीटर दिसतं, विमानाचा वेग ९०० च्या आसपास, म्हणजे प्रवास आठ तासांचा. तिकिटावर मात्र जाताना दहा तास आणि येताना नऊ. मित्राने दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं, त्यात आणखी तिसराच आकडा. बाबांना मधुमेह आहे, म्हणून नेमके किती तास धरायचे ते हवंय.

मी बावीस वर्षं एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, इंधन आणि वेळ कागदावर मांडून वैमानिकाच्या हातात देणारा तो माणूस. मुंबई–लंडन मी किती वेळा मांडलं असेल याची मोजदाद नाही, पण सलग दोन दिवस आकडा तोच आला, असं क्वचितच झालं. तुमचा भागाकार बरोबर आहे. त्यात घातलेले दोन्ही आकडे मात्र जसे दिसतात तसे नाहीत.

आधी अंतर. सांताक्रूझचा विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यात पृथ्वीच्या गोलावरून दोरा ताणून धरला तर तो सुमारे ७,२१० किलोमीटर भरतो. आम्ही ते नॉटिकल मैलात मोजतो, ३,८९० च्या आसपास. (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक.) हा दोरा शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसत नाही, उत्तरेकडे फुगलेला दिसतो. मुंबईहून लंडनला जायचं तर पश्चिमेला निघायचं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हा दोरा मुंबईतून वायव्येला निघतो आणि लंडनमध्ये जवळजवळ थेट पूर्वेकडून शिरतो. घरात पृथ्वीगोल असेल तर सुतळी लावून बघा, पटकन पटेल.

काही जण विचारतात, विमान अकरा किलोमीटर उंचावरून जातं, मग वर्तुळ मोठं होऊन अंतर वाढत नाही का? वाढतं. पण पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे, त्यात अकराची भर म्हणजे किती? सगळ्या प्रवासात मिळून बारा किलोमीटर. विमानाला ते पाऊण मिनिटाचं काम. हा मुद्दा इथेच सोडू.

आता हा दोरा कुणाकुणाच्या अंगणातून जातो ते बघा. मुंबई सोडली की सौराष्ट्र, कच्छ, मग कराचीच्या किंचित उत्तरेकडून बलुचिस्तान. तिथून पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण टोकाचा भाग, अझरबैजान, जॉर्जियात तिबिलिसीच्या जवळून काळ्या समुद्राचा ईशान्य किनारा, क्रिमियाच्या वरच्या अंगाने दक्षिण युक्रेन, मग पोलंडचा खालचा कोपरा, चेक–जर्मन सीमा, बेल्जियम आणि लंडन. गेल्या काही वर्षांतली वर्तमानपत्रं डोळ्यांसमोर आणा. जगातली निम्मी भांडणं या एका दोऱ्यावर ओवल्यासारखी बसलेली आहेत. म्हणून ७,२१० किलोमीटर हे अंतर खरं असलं, तरी त्या वाटेने आज कुठलंच प्रवासी विमान जात नाही.

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. रशियाने त्याच सुमारास ब्रिटिश आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना मज्जाव केला. भारतीय कंपन्यांना रशियाने अडवलेलं नाही, पण मुंबईहून लंडनला जाताना रशियाचा तसाही फार उपयोग नाही. आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. भारतानेही तेच केलं. त्यानंतर ती बंदी एकेका महिन्याने पुढे ढकलत नेली गेली. असं पहिल्यांदाच झालं असं नाही; बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला बंद झालेलं पाकिस्तानी आकाश १६ जुलैला उघडलं होतं. त्या साडेचार महिन्यांत माझ्या टेबलावरचा नकाशा मी इतक्या वेळा खोडला की शेवटी नवा मागवावा लागला.

तुमच्या मित्राच्या तिकिटातला फरक मुख्यतः इथून येतो. पाकिस्तानची ही बंदी भारतीय विमानांना आहे, सगळ्यांना नाही. ब्रिटिश कंपनीचं विमान मुंबईतून उडून कराचीकडे वळू शकतं, पुढे इराण टाळून अफगाणिस्तान–तुर्कमेनिस्तानवरून कॅस्पियन ओलांडतं, बाकू–तिबिलिसीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून काळ्या समुद्रावर येतं आणि युक्रेनला दक्षिणेकडून वळसा घालत रुमानियात शिरतं. दोऱ्यापेक्षा त्याला फार फेर पडत नाही. त्याच दुपारी, त्याच धावपट्टीवरून सुटलेलं भारतीय कंपनीचं विमान मात्र अरबी समुद्र कापत मस्कतकडे जातं, मग आखात, इराक किंवा इराण, तुर्कस्तान, काळा समुद्र, रुमानिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी. ही वाट साधारण ७,५०० किलोमीटरची होते. आणि आखातात तणाव वाढून इराण–इराक दोन्ही बंद झाले, जसे जून २०२५ मध्ये झाले, की विमानं सौदीवरून इजिप्तकडे आणि तिथून भूमध्य समुद्रावरून युरोपात जातात. तेव्हा आकडा ७,९०० च्या घरात पोहोचतो.

गंमत म्हणजे ही शेवटची वाट सगळ्यात जुनी आहे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं आणि १० तारखेला पोहोचलं. तेव्हा कैरोला उतरणं भाग होतं, कारण एका दमात एवढं अंतर कापणं त्या विमानाच्या आवाक्यात नव्हतं. आज विमानाच्या पोटात इंधन भरपूर असतं, तरी शेजाऱ्यांच्या भांडणापायी पुन्हा इजिप्तवरून जावं लागतं.

मुंबईकरांना यात एक समाधान आहे. दिल्ली–लंडन दोऱ्याने सुमारे ६,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा पाचशेने जवळ. पण पाकिस्तान बंद झालं की दिल्लीच्या विमानाला आधी राजस्थान–गुजरातवरून खाली समुद्रावर यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. मुंबईचं विमान आधीच समुद्रावर उभं आहे. म्हणून बंदीचा फटका मुंबईला तीनशे किलोमीटरचा आणि दिल्लीला त्याहून बराच मोठा. तुमच्या आई-बाबांना कुणी ‘दिल्लीहून जा, जवळ पडतं’ असं सांगितलं तर हसून सोडून द्या.

आता वेग. इथेच खरी मेख आहे.

बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० ताशी ९०० किलोमीटरने जातं हे खरं, पण हा वेग हवेच्या संदर्भात आहे, जमिनीच्या नाही. तुम्ही साताऱ्याचे, म्हणून माहुलीचंच उदाहरण घ्या. संगमावर नावाडी सारख्याच जोराने वल्ही मारतो, पण कृष्णेच्या धारेविरुद्ध जाताना काठावरची झाडं हळू सरकतात आणि धारेबरोबर येताना भरभर. नावाडी थकतो तेवढाच, नदी वेगळी वागते. विमानाची नदी म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवांकडची थंड, त्या फरकातून हवा वाहू लागते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उजवीकडे वळत जाऊन पूर्वेकडे धावणारा पट्टा तयार होतो. हिवाळ्यात या पट्ट्याची एक शाखा आखातावरून थेट उत्तर भारतावर येते आणि तिच्या मध्यभागी ताशी दोनशे किलोमीटरच्या वरचा वारा मिळणं ही रोजची गोष्ट असते.

(‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते, मग विमान वर नुसतं थांबलं तरी लंडन आपोआप खाली यायला हवं’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा आलेला आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि विमान हवेत असतं. एवढंच उत्तर.)

विमान सगळा वेळ वाऱ्याच्या मध्यभागी नसतं आणि वारा थेट समोरूनही नसतो, म्हणून आम्ही संपूर्ण वाटेची सरासरी काढतो. जानेवारीत लंडनला जाताना ती सरासरी ताशी ८० किलोमीटर समोरून धरू. हा ढोबळ अंदाज आहे, पण वास्तवाच्या जवळचा. मग जमिनीच्या हिशोबाने वेग उरतो ८२०. सात हजार पाचशे भागिले ८२०, म्हणजे नऊ तास नऊ मिनिटं. परतीला तोच वारा पाठीशी: वेग ९८०, वेळ सात तास एकोणचाळीस मिनिटं. वाट तीच, विमान तेच, इंजिनाचा जोर तोच. फरक दीड तासाचा.

याच हिशोबाची आणखी एक बाजू आहे, आणि माझ्या कामात खरी तीच. नऊ तास नऊ मिनिटं ९०० च्या वेगाने विमान हवा कापत राहिलं, म्हणजे त्याने हवेतून सुमारे ८,२०० किलोमीटरचा प्रवास केला. परतीला ६,९००. इंधन जळतं ते या हवेतल्या अंतरावर, नकाशावरच्या नाही. म्हणून डिस्पॅचरच्या लेखी मुंबई ते लंडन आणि लंडन ते मुंबई ही दोन वेगळी अंतरं आहेत, आणि दोन्ही रोज बदलतात. पुष्कळदा जमिनीवर शंभर-दोनशे किलोमीटर लांबची वाट आम्ही मुद्दाम घेतो, कारण तिथे समोरचा वारा कमी असतो आणि हवेतलं अंतर त्यामुळे घटतं. प्रवासी पडद्यावर नकाशा बघून म्हणतो, हा वैमानिक भलतीकडे का चाललाय? तो वाऱ्याच्या कडेकडेने चाललेला असतो. (आखात, इराक, काळा समुद्र या टापूत अलीकडे जीपीएसमध्ये कुणीतरी ढवळाढवळ करण्याचे प्रकार बरेच होतात. पडद्यावर विमान क्षणभर अशक्य ठिकाणी दिसलं तर बाबांना सांगून ठेवा, घाबरू नका. वैमानिकाकडे त्याशिवायची साधनं असतात.)

आणि जाताना गमावलेलं येताना भरून निघतं, असंही नाही. वारा नसता तर दोन्ही वेळा आठ तास वीस मिनिटं लागली असती. समोरच्या वाऱ्याने एकोणपन्नास मिनिटं खाल्ली, पाठीच्या वाऱ्याने एकेचाळीसच परत दिली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून तोटा नेहमी फायद्याहून थोडा मोठा.

पावसाळ्यात चित्र बदलतं. जूननंतर तो पश्चिमी पट्टा हिमालयाच्या पलीकडे सरकतो, आणि दक्षिण भारतावर, अरबी समुद्रावर उंच थरात उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा वारा सुरू होतो. म्हणजे ऑगस्टमध्ये मुंबईहून निघताना पहिला तास-दीड तास वारा चक्क पाठीशी असतो. पुढे तुर्कस्तान ओलांडलं की समोरचा भेटतो. सरासरी ३५ धरली तर जायला आठ तास चाळीस, यायला आठ तास. म्हणून उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकांत एकाच विमानाचे आकडे वेगळे दिसतात. जानेवारी हा लंडनला जाण्याचा सगळ्यात लांब महिना आहे आणि तुम्ही नेमका तोच निवडलाय. असो, आई-बाबांना बर्फ बघायचा असेल.

इथवर झाला फक्त मधल्या उड्डाणाचा हिशोब. चढणं, उतरणं आणि विमानतळाभोवतीचं वळणं-वाकणं यात आणखी पंधरा-वीस मिनिटं जातात, कारण तेव्हा वेग ९०० नसतो आणि वाटही सरळ नसते. मुंबईत विमान बहुतेक वेळा पश्चिमेला, जुहूच्या समुद्राकडे तोंड करून उडतं, ही तुमच्या फायद्याची गोष्ट. लंडनला मात्र हीथ्रोवर जागा मिळेपर्यंत गोल घिरट्या घालाव्या लागणं नेहमीचं. त्यासाठी चार जागा ठरलेल्या आहेत: बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. पूर्वेकडून येणाऱ्यांच्या वाट्याला सहसा लॅम्बोर्न किंवा बिगिन. दहा मिनिटं घिरट्या हे काही संकट नसतं. आम्ही इंधन मोजतानाच ती धरलेली असतात.

मग जमिनीवरचा वेळ. तिकिटावर छापलेला वेळ हा उड्डाणाचा नसतोच. मुंबईच्या गेटवर चाकांखालचे अडसर काढून विमान मागे ढकललं जातं तिथून, ते हीथ्रोच्या गेटवर पुन्हा अडसर लागतात तिथपर्यंत, असा तो मोजलेला असतो. आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि गर्दीच्या तासाला तुमच्यापुढे सात-आठ विमानं रांगेत असणं साधी गोष्ट आहे. वीस मिनिटं इथे, दहा तिथे. म्हणजे नऊ तास नऊ मिनिटं, अधिक वीस, अधिक तीस: दहा तासांना थोडं कमी. कंपनी त्यावर उशीर झालाच तर म्हणून थोडा सैल धागा ठेवते आणि तिकिटावर दहा किंवा सव्वादहा छापते. परतीचं गणित साडेआठचं निघतं, छापलेलं असतं नऊ. तुमचे आकडे असे जुळतात.

हा ‘सैल धागा’ फसवणूक नाही, पण त्यामुळे गैरसमज होतात. विमान अर्धा तास उशिरा सुटून वेळेवर पोहोचलं की लोक म्हणतात, वैमानिकाने दामटलं. फारसं दामटता येत नाही. मोठं विमान आधीच त्याच्या सोयीच्या वेगाच्या वरच्या टोकाजवळ उडत असतं. इंधन जाळून फार तर दहा-पंधरा मिनिटं वाचतात. बाकीची वेळापत्रकातच राखलेली असतात. लहान अंतरावर हे आणखी ठळक दिसतं. मुंबई–दिल्ली दोऱ्याने १,१४० किलोमीटर, राजधानी एक्सप्रेसच्या रुळांवरून १,३८४. विमान हवेत असतं पावणेदोन तासांच्या आसपास, तिकिटावर सव्वादोन छापलेले. म्हणजे छापलेल्या वेळेचा पाचवा हिस्सा जमिनीवर. लंडनच्या प्रवासात तोच हिस्सा विसाव्या भागाएवढा.

इंधनाचंही सांगतो, कारण लांबच्या वाटेची किंमत तिथे कळते. ७८७ ला तासाला साधारण ५ टन इंधन लागतं. मार्ग अर्धा तास लांबला की अडीच टन जास्त, पण तेवढं भरून भागत नाही. भरलेलं इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. नऊ-दहा तासांच्या प्रवासात जादा भरलेल्या प्रत्येक टनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त केवळ ते वाहण्यातच जळतो. शिवाय ज्या देशावरून जाल तो देश विमानाचं वजन आणि अंतर पाहून शुल्क आकारतो. म्हणून सगळ्यात जवळची वाट, सगळ्यात लवकरची वाट आणि सगळ्यात स्वस्त वाट या तिन्ही एकच असतील असं नाही. रोज दुपारी आमच्या संगणकावर हे भांडण चाले आणि निकाल माझ्या सहीने लागे.

आता बाबांच्या गोळ्यांकडे येऊ. माझ्या मेहुण्यांची गोष्ट सांगतो. पहिल्यांदाच लंडनला निघाले होते. तिकिटावर लिहिलेलं: दुपारी दीड वाजता प्रस्थान, संध्याकाळी सहा वाजता आगमन. यांनी साडेचार तासांचा प्रवास धरला, एका वेळच्या गोळ्या खिशात ठेवल्या आणि बाकीचा डबा चेक-इनच्या बॅगेत. बहिणीने विचारलं तर म्हणाले, ‘संध्याकाळची गोळी तिथे पोहोचून घेईन.’ विमानातून त्यांचा जीव कसा टांगणीला लागला असेल ते त्यांनाच ठाऊक. मला मात्र नंतर दोन वर्षं ऐकावं लागलं की घरात विमानवाला असून उपयोग काय.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे. म्हणून साडेचार अधिक साडेपाच, दहा तास. परतीला रात्री साडेआठला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबई, दिसायला साडेचौदा तास, त्यातून साडेपाच वजा, उरले नऊ. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचाच राहतो. आई-बाबा एप्रिलमध्ये परत येणार असतील तर हे लक्षात ठेवा. जातानाचा आणि येतानाचा हिशोब वेगळ्या फरकाने करावा लागेल.

बाबांना सांगा, हातातलं घड्याळ लंडनच्या घरी पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या आणि जेवण-औषधं त्या घड्याळाने घ्या. गोळ्या असोत वा इन्सुलिन, सगळं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट; चेक-इनच्या बॅगेत काही नाही. इन्सुलिन तर सामानाच्या कप्प्यात गोठण्याचीही भीती असते. डोस कसा हलवायचा ते त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, आणि विचारताना दहा तास सांगू नका. कारण खरा आकडा दहा नाहीच.

साताऱ्याहून मुंबई विमानतळ अडीचशे किलोमीटरच्या वर. दुपारी दीडच्या विमानासाठी साडेदहापर्यंत पोहोचायचं, पुण्याची आणि पनवेलनंतरची गर्दी धरायची, तर पहाटे चारला घर सोडावं लागेल. विमान हीथ्रोला सहाला लागलं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. विमानातून बाहेर येणं, इमिग्रेशनची रांग, सामान, तुमची गाडी, स्लाऊचं घर, पावणेआठ होतील. बाबांच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्र उलटून सव्वा वाजलेला असेल. चार ते सव्वा, एकवीस तास. डॉक्टरांना हा आकडा सांगा. व्हीलचेअर आधीच मागून ठेवा, चालता येत असलं तरी. हीथ्रोवर गेटपासून इमिग्रेशनपर्यंतचं अंतर मी मोजलेलं नाही, पण आईच्या गुडघ्यांना ते ७,५०० किलोमीटरपेक्षा जास्त वाटेल.

नेमका त्या दिवसाचा अंदाज हवा असेल तर प्रवासाच्या आदल्या आठवड्यात फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्यांच्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या सात दिवसांत ते प्रत्यक्ष हवेत किती वेळ होतं ते बघा. वाट कुठून गेली तेही दिसेल. सातपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सोडून द्या, उरलेल्यांच्या मध्ये तुमचा दिवस बसण्याची शक्यता खूप. कुठल्याही अंतरमोजणीच्या संकेतस्थळापेक्षा ही पद्धत बरी, कारण त्यांनी दोऱ्याला ठरावीक वेगाने भागून वर अर्धा तास घातलेला असतो.

विमान टेकलं असं फोनवर दिसलं की लगेच गाडी काढू नका. तुम्ही स्लाऊला, म्हणजे हीथ्रो वीस मिनिटांवर. शांतपणे चहा घेऊन, पार्किंगचे पैसे वाचवून निघालात तरी त्यांच्याआधी पोहोचाल. आणि आईला आत्ताच फोन करून सांगा की कंदी पेढे बॅगेत भरू नकोस. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, कस्टमवाल्यांनी उघडून बघितलं तर पेढे तिथेच ठेवून यावं लागेल. चटणी, मेतकूट चालेल.